शांत बसणाऱ्यांनी घाई कधी करायची?
क्वेकर श्रद्धा, आशा आणि हवामानाचं संकट

क्वेकर म्हटलं की आपल्याकडे काहींना सेवाग्रामच्या नई तालीममध्ये काम केलेल्या मार्जरी साइक्स आठवतील. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती उभा राहिलेला हा छोटा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पाद्री नसतो, ठरलेलं प्रवचन नसतं. सगळे शांत बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं, तर त्याने उठून बोलायचं. निर्णयसुद्धा मतदानाने होत नाहीत. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल ओळखायचा, तो लिहून वाचून दाखवायचा, आणि सभेला पटला तरच तो निर्णय.

आता हे लोक हवामानाच्या संकटाकडे कसं बघतात? २०११ साली कँटरबरीच्या वार्षिक सभेत ब्रिटनच्या क्वेकरांनी कमी कार्बनवर जगणारा समुदाय होण्याचं वचन दिलं. २०१३ मध्ये कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांमधून आपली गुंतवणूक काढायचं ठरवलं. ब्रिटनमधल्या चर्चमध्ये असं करणारे ते पहिले. यामागची त्यांची आशेची कल्पना अशी की, यश मिळेल की नाही हे आपल्या हातात नाही. सत्याशी प्रामाणिक राहणं हातात आहे.

आपल्याला हे ऐकताना ओळखीचं वाटतं. निष्काम कर्मच की! पण माझी हरकत इथेच आहे. आपल्या मनाची शांती राखायला हा विचार उत्तम आहे. हवेतला कार्बन मात्र कुणाचा हेतू शुद्ध होता हे विचारत नाही. तो फक्त साठत जातो. म्हणजे इथे फळ मोजावंच लागतं.

क्वेकरांचा स्वतःचा इतिहासच हा प्रश्न उभा करतो. १६८८ साली पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउन इथल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. ते स्थानिक सभेकडून वरच्या सभेकडे, तिथून वार्षिक सभेकडे गेलं. विषय फार वजनदार आहे असं म्हणत प्रत्येकीने तो पुढे ढकलला, आणि शेवटी बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली ती १७७६ मध्ये. हिशोब करा: ८८ वर्षं! तोवर सभेत एकमत पिकत होतं आणि शेतात माणसं राबत होती.

या काळातला क्वेकरांचा लाडका माणूस म्हणजे जॉन वूलमन. सौम्य, घरोघरी जाऊन समजावणारा. पण त्याच्याआधी बेंजामिन ले होता. १७३८ मध्ये त्याने वार्षिक सभेत पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून आणली, तलवारीने ती भोसकली, आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांवर तो 'रक्ताचा' रस उडवला. त्याला उचलून बाहेर काढलं. पंथानेही त्याला बाहेरचं ठरवलं. आज तेच क्वेकर त्याला मानाने आठवतात. मला विचाराल तर वूलमनचं काम सोपं व्हायला ले कारणीभूत होता. एकाने सभेची झोप मोडली, दुसऱ्याने जागं झालेल्यांशी बोलणं चालू ठेवलं.

म्हणून मला फिलाडेल्फियाची 'अर्थ क्वेकर ॲक्शन टीम' महत्त्वाची वाटते. तिच्या संस्थापकांमध्ये जॉर्ज लेकी आहेत, अहिंसक आंदोलनाचे जुने शिक्षक. या गटाने सगळ्या क्वेकरांचं एकमत होईपर्यंत वाट पाहिली नाही. 'पृथ्वी वाचवा' असं मोघमही म्हटलं नाही. एक बँक निवडली: पीएनसी. ॲपलेचियाच्या डोंगरांचे माथे सुरुंगाने उडवून कोळसा काढतात आणि राडारोडा खालच्या दऱ्यांत टाकून ओढे बुजवतात. अशा कंपन्यांना ही बँक पैसा पुरवत होती. तो थांबवा, एवढीच मागणी. बँकेच्या शाखेत जाऊन हे लोक त्यांची शांत उपासना करत बसले. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गच्या मुख्यालयापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर चालत गेले. २०१५ मध्ये बँकेने धोरण बदललं.

आता टीकाकार म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या काळात स्वस्त नैसर्गिक वायूमुळे ॲपलेचियाचा कोळसा तसाही मागे पडत होता. सगळं श्रेय आंदोलनाला देता येणार नाही. शिवाय वायू हेसुद्धा जीवाश्म इंधनच. एका बँकेने हात काढला म्हणून तापमान उतरत नाही.

तरी या छोट्या गटाने आशेचा अर्थ बदलला, असं मला वाटतं. 'काहीतरी चांगलं होईल' ही आशा नव्हे, आणि 'झालं नाही तरी मी प्रामाणिक होतो' हीही पुरेशी नाही. कुणाकडे, काय मागायचं, आणि नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात काय करायचं, हे माहीत असणं म्हणजे आशा. शांतता इथे कामाला येते, कारण वर्षानुवर्षं चालणाऱ्या लढ्यात माणसं थकतात, चिडतात, एकमेकांवर उठतात. एकत्र गप्प बसायची सवय त्यांना टिकवते.

समुदाय टिकवायचा तर एकमताची वाट पाहावी लागते, आणि हवामान वाट पाहत नाही. हा पेच क्वेकरांनी सोडवलेला नाही. पण १६८८ चा कागद त्यांच्याच दप्तरात आहे. यावेळी विषय वजनदार आहे म्हणून तो वरच्या सभेकडे सरकवायचा, की वजनदार आहे म्हणूनच आज हातात घ्यायचा, एवढं तरी त्यांना ठरवावं लागेल. आपल्या ग्रामसभांना आणि सोसायट्यांनाही तोच प्रश्न आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.