स्वस्त समुद्र आणि तीन खाडे

‘फक्त २,९९९ मध्ये गोवा!’ या रीलची चाल आता इतकी पक्की झाली आहे की आवाज बंद ठेवूनही पुढचा शॉट सांगता येतो. पहिल्या सेकंदाला पाचशेच्या नोटा पंख्यासारख्या पसरतात. मग स्लीपर बस, हॉस्टेलमधला वरचा बंक, भाड्याची स्कूटर, ‘गाइज, विश्वास बसणार नाही’ म्हणत कॅमेऱ्यासमोर धरलेली फिश थाळी, सूर्यास्त, आणि शेवटी स्क्रीनवर हिरव्या आकड्यांत बेरीज. समुद्र स्वतः चारेक सेकंद दिसतो, तोही बहुतेकदा ड्रोनमधून. म्हणजे रीलमधलं कुणी ओलं होईलच असं नाही.

मी या प्रकाराकडे प्रवासवर्णन म्हणूनच बघते. त्याला नायक आहे, अडचण आहे (पैसे कमी), आणि गोड शेवट आहे (बेरीज बजेटमध्ये बसली). आमच्या पुंडलिकनगरात रूम करून राहणाऱ्या पोरांचं बहुतेक सगळं प्रवासवाचन हेच आहे, त्यामुळे नाक मुरडून चालणार नाही. आणि काही रील्स खरंच कामाच्या असतात. गोव्यात टॅक्सीला हात न लावता कदंबच्या बसने पणजीहून म्हापशाला आणि मडगावला जाता येतं, फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट पडत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, एका रीलनेच सांगितलं. इतकी नेमकी माहिती आपली कित्येक छापील प्रवासवर्णनं देत नाहीत. तिथे लेखक थेट सूर्यास्तापाशीच उगवतो.

तक्रार दुसरीच आहे. या हिशोबाची सुरुवात कुठून होते, ते बघा. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक रीलमध्ये माणूस पुण्याच्या किंवा मुंबईच्या बसमध्ये बसलेला असतो. पुंडलिकनगरातून निघालेल्या माणसाला आधी तिथवर पोचायचं असतं. तपोवन एक्सप्रेसने मुंबईला जायचं, सातेक तास. मग रात्रीच्या कोकणकन्येची वाट बघत प्लॅटफॉर्मवर बॅगेला टेकून बसायचं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि मुंबईच्या चाकरमान्याला गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं फार काही आलं नाही. आमच्या हिशोबात समुद्राआधी एक दिवस जातो आणि समुद्रानंतर एक. हे दोन दिवस रीलमध्ये कापले जातात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

आणि या दोन दिवसांना आमच्याकडे एक शब्द आहे: खाडा.

माझा भाऊ वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. त्याला ‘लीव्ह’ नसते, खाडा असतो. आला नाहीस, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, विषय संपला. पाच दिवसांच्या समुद्रातला सगळ्यात मोठा खर्च ना बसचा असतो ना रूमचा. तो पाच खाड्यांचा असतो. हिरव्या आकड्यांच्या त्या बेरजेत ही ओळ मी अजून एकदाही पाहिलेली नाही. ज्याला पगारी सुट्टी मिळते किंवा फिरणं हेच ज्याचं काम आहे, त्याला ही ओळ सुचणार तरी कशी? मग ‘इच्छा असली की पैशांचं जमतं’ हे वाक्य त्याच्या तोंडून फार सहज निघतं. ऐकणाऱ्या कंत्राटी पोराला मात्र वाटतं की कमी पडली ती आपली इच्छाच.

ही लबाडी नवी नाही, इन्स्टाग्रामची तर मुळीच नाही. १९५७ साली आर्थर फ्रॉमर या अमेरिकन माणसाने ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ नावाचं पुस्तक काढलं आणि ते तुफान खपलं. किंमत थेट शीर्षकात, म्हणजे आजच्या थंबनेलचे आजोबाच. त्या पाच डॉलर्समध्ये खोली आणि तीन वेळचं जेवण येत होतं. अटलांटिक ओलांडायचा खर्च त्यात नव्हता. पोचण्याचा खर्च गाळून पोचल्यानंतरची काटकसर मिरवायची, ही युक्ती तेव्हापासूनची. पुढे १९७३ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ लिहिलं, आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभं राहिलं. ती दोघं स्वतः खरोखर कमी पैशांत फिरली होती, यात शंका नाही. पण श्रीमंत देशाचं चलन खिशात घेऊन गरीब देशांतून जाताना जे ‘स्वस्त’ असतं, तो दोन चलनांमधला फरक असतो. आपली रील ही शैली जशीच्या तशी उचलते आणि विसरते की आपला पगार आणि ती थाळी एकाच रुपयात मोजली जाते.

हिंदी सिनेमाने तर हा प्रश्नच ठेवला नाही. ‘दिल चाहता है’ (२००१) मधले तिघं मित्र गोव्याला जातात, शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसून समुद्र बघतात, आणि एका पिढीला दोस्तीचं ठिकाण सापडतं. पेट्रोल कुणी भरलं हे कुणी विचारत नाही. मला तो सिनेमा आवडतो. निदान तो स्वस्ताईचा आव तरी आणत नाही.

मराठीत मात्र पैशांचा विषय न लपवणारं एक प्रवासाचं पुस्तक आहे: विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’, १९०७ साली छापलेलं. पेणजवळच्या वरसईचा हा भटजी डोक्यावर कर्ज म्हणून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या बंडात सापडला. कोकणातला माणूस पैसा नाही म्हणून कोकण सोडतो आणि दीडशे वर्षांनी आपण पैसा वाचवत कोकणात मजेला जातो, ही गंमत आहेच. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की किती मिळालं, किती लुटलं गेलं, हे तो न लाजता सांगतो. त्याच्याकडे काटकसर हा स्टाइलचा भाग नाही. गरज आहे म्हणून ती आहे.

तशा लेखनाचा दुसरा नमुना माझ्याच घरात आहे, आणि मी तो या सगळ्या रील्सच्या वर ठेवीन. माझ्या आईची शंभर पानी वही.

आई डबे करते. गल्लीतल्या रूमवरच्या पोरांना दोन वेळचं पोळी-भाजी-वरण-भात. २०१७ च्या दिवाळीनंतर गल्लीतल्या पाच घरांनी मिळून एक सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवली. माणसं एकवीस, लहान पोरं मांडीवर. हिशोब आईकडे दिला, कारण तिचा हिशोब चुकत नाही. जायचं होतं समुद्र बघायला. घराघरांत सांगितलं गेलं, ‘कोल्हापूरची अंबाबाई आणि गणपतीपुळे.’ मराठवाड्यातल्या किती बायकांनी आयुष्यातला पहिला समुद्र गणपतीपुळ्याला पाहिला असेल, याचा कधीतरी कुणी विचार करावा. तिथे देऊळ आणि किनारा एकाच जागी आहेत. सासूबाईंना देव सांगता येतो, पोरांना समुद्र. बागा बीचला हे जमत नाही.

वहीत उजवीकडे आकडे, डावीकडे शब्द. ‘डिझेल.’ ‘ड्रायव्हर भत्ता.’ ‘छोटी गॅस टाकी भरली.’ ‘नारळ, फुलं.’ ‘पप्या उंट ५०.’ आणि एक ओळ, जी मी अनेकांना वाचून दाखवली आहे: ‘गोडं पाणी ९ बादल्या १८०.’ समुद्रातून निघाल्यावर अंगावरचं मीठ काढायला किनाऱ्यावर बादलीने विकत घेतलेलं पाणी. आमच्या शहरात जायकवाडीसारखं धरण जवळ असूनही नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी साठवण्यात हयात गेलेल्या बायका पहिल्यांदा अथांग पाण्यात उतरल्या आणि बाहेर येऊन त्यांनी पाणीच विकत घेतलं. एकवीस माणसांना नऊ बादल्या, म्हणजे तिथेही पुरवून पुरवूनच. समुद्राबद्दल आईने आणखी काही लिहिलेलं नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं होतं, त्याचीही नोंद नाही. वही खर्चाची आहे, आणि ती आपली शिस्त सोडत नाही.

पण चिकित्सा करायची तर आईचीही केली पाहिजे. त्या वहीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा यांच्यासमोर आकडा नाही. तिथे लिहिलंय, ‘घरचं.’ दोन रात्री जागून एकवीस जणांचा शिधा बांधला, तो ‘घरचं’ या एका शब्दात शून्याला गेला. म्हणजे रील खाडा गाळते, आणि आई स्वतःचे हात. स्वस्त सहल बहुतेकदा कुणाच्या तरी अशा न मोजलेल्या कामावरच उभी असते. ती ट्रॅव्हलर निघाली तेव्हा पुरुष मंडळी म्हणत होती, ‘यंदा फार स्वस्तात पडली ट्रिप.’

गणपतीपुळ्याहून थोडं दूर, सुरूच्या झाडांखाली शेगडी लावून खिचडी केली होती. मला त्या खिचडीची चव आठवते, कारण तिच्यात वाळू होती. हाच प्रकार गोव्यात केला असता, तर आज गुन्हा ठरला असता. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने किनाऱ्यांवर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला मनाई करणारा आदेश काढला. दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गोव्याच्या लोकांची बाजू खोटी नाही. पत्रावळ्या, उरलेला भात, फुटक्या बाटल्या टाकून निघून जाणाऱ्या बसेस त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. वाऱ्यात गॅसची टाकी पेटवणं हा जिवाशी खेळही आहे. तरी त्या आदेशाभोवतीच्या चर्चेत ‘क्वालिटी टुरिस्ट’ हा शब्द ज्या सहजतेने फिरला, तो मला खटकला. कचरा करणारा आणि स्वयंपाक करणारा यात फरक आहे. शॅकमध्ये बसून प्लास्टिकचा ढीग करणारा क्वालिटीचा, आणि स्टीलच्या ताटात खिचडी खाऊन ताट धुऊन नेणारी बाई क्वालिटीची नाही, असं होऊ शकतं.

रील्सवाल्यांनीही त्या वेळी याच सुरात व्हिडिओ केले. स्वतःला ‘बजेट ट्रॅव्हलर’ म्हणवणाऱ्यांना शेगडीवाल्या बसेसची लाज वाटली. मला हा प्रकार समजून घ्यायला तो क्षण फार उपयोगी पडला. इथे ‘बजेट’ म्हणजे पैशांची चणचण नाही, ती एक निवड आहे: हॉस्टेल, बॅकपॅक, अनोळखी दोस्त. ज्यांना निवडच नाही, ते या प्रकारात नायक होऊ शकत नाहीत, फक्त बॅकग्राउंडमधली गर्दी होतात. आणि आठ बंकच्या मिक्स डॉर्ममध्ये झोपायची परवानगी माझ्या गल्लीतल्या एकाही मुलीला घरून मिळणार नाही. तिच्यासाठी सगळ्यात स्वस्त बेड अस्तित्वातच नाही. ‘सोलो फिमेल’वाल्या रील्स यावर ‘घरच्यांना समजावा’ असं म्हणून पुढच्या शॉटला जातात.

खरा बदल मला दिसला तो एसटीत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, त्यामुळे मालवण, वेंगुर्ला, गणपतीपुळे अर्ध्यात आणि गोवा नाही. बांद्याच्या पुढे बाई पुन्हा पूर्ण तिकीट होते! शिवाय एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, गेली कित्येक वर्षं. ठरावीक रकमेत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा. बजेट ट्रॅव्हल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पण लाल बसच्या खडखडाटावर ट्रेंडिंग ऑडिओ बसत नसावा.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आई आणि शेजारच्या चौघी काकू एसटीने पुन्हा पुळ्याला गेल्या. पुरुष नाहीत, पोरं नाहीत, शेगडी नाही. आईने निघायच्या आदल्या दिवशी डबेवाल्या पोरांना सांगितलं, ‘तीन दिवस डबा बंद, खाडा धरा.’ मेसमध्येही हाच शब्द चालतो: जेवला नाहीत त्या दिवसाचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा. पोरं कुरकुरली. एकाने विचारलं, ‘काकू, मधेच कसं काय?’ ती म्हणाली, ‘समुद्रावर चालले.’

परत आल्यावर मी वही मागून घेतली. एसटी अर्धं तिकीट, रिक्षा, भक्तनिवास, दोन वेळचं जेवण बाहेर, गोडं पाणी पाच बादल्या. म्हणजे या वेळी माणशी एक. आणि सगळ्यात खाली, बेरजेच्या आत, ‘माझे खाडे ३’, समोर तीन दिवसांच्या डब्यांची रक्कम. त्या रकमेने ट्रिपचा आकडा दुपटीच्या जवळ गेला होता. शेजारच्या काकूंनी वहीत डोकावून म्हटलं, ‘अगं, हे कशाला धरलंस? एवढी महाग दिसतीये मग.’

आईने ते खोडलं नाही.