सात ‘ऑर’, दोन ‘नॉट’

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधयंत्रणेच्या शोधचौकटीत टाकायचा एक मजकूर आहे, जेमतेम दहा-अकरा ओळींचा. उपचारांवरचे पद्धतशीर आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या हँडबुकात तो छापलेला असतो. असे आढावे लिहिणारे डॉक्टर आणि वैद्यकीय ग्रंथपाल तो जसाच्या तसा उचलून चिकटवतात. वाचत मात्र फारसं कोणी नाही, आणि तो खरोखर वाचण्यासारखा आहे.

त्याचं काम एवढंच, की एखाद्या आजारावरच्या लेखांच्या ढिगातून रँडमाइझ्ड चाचण्या बाहेर काढायच्या. म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता नशिबावर सोपवलेले अभ्यास. ऐकायला सोपं. पण १९९४ साली के डिकरसिन, रॉबर्टा शेरर आणि कॅरोल लफेव्हर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं की मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडमागच्या लेखसूचीत, शोध घेतला तर अस्तित्वात असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच हाती लागतात. उरलेल्या निम्म्या वगळून एखाद्या औषधाबद्दल निकाल द्यायचा, तर त्या निकालाची किंमत काय? त्या निम्म्या शोधण्याच्या धडपडीतून ही गाळणी जन्मली. इथे घेतलेलं आटोपशीर रूप २००८ च्या हँडबुकातलं.

पहिल्या दोन ओळी अधिकृत शिक्क्यांच्या आहेत. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये लेखाला त्याच्या प्रकाराचा टॅग लावतात. ‘रँडमाइझ्ड कंट्रोल्ड ट्रायल’ हा टॅग १९९१ साली आला, ‘कंट्रोल्ड क्लिनिकल ट्रायल’ १९९५ साली. त्याआधीच्या लेखांचं काय? क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी १९४८ ची. तिच्या शीर्षकात ना ‘रँडम’ आहे ना ‘ट्रायल’. लेखाच्या सुरुवातीला सारांश छापायची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. अशा जुन्या चाचण्यांसाठी कॉक्रेनच्या माणसांनी नियतकालिकांची पानंन् पानं हाताने चाळली, सापडलेल्या चाचण्या ग्रंथालयाला कळवल्या आणि मग त्यांना मागाहून टॅग लागले.

पण टॅग लावायला पूर्वी बराच वेळ लागायचा, आणि काही लेखांना तो आजही लागतच नाही. म्हणून पुढच्या ओळी थेट लेखकाच्या शब्दांवर जातात. शीर्षकात किंवा सारांशात रँडमाइझ्ड, प्लासिबो, रँडमली, ट्रायल यांपैकी काहीही चालेल. आणि शेवटी ‘ग्रुप्स’! मला या मजकुरातला हा सर्वांत धीट शब्द वाटतो. इतका सामान्य शब्द कोणी शोधात घालतं का? पण सारांश लिहिणारा डॉक्टर चाचणीची शास्त्रीय संज्ञा विसरला, तरी ‘रुग्णांचे दोन गट केले’ हे सांगितल्याशिवाय त्याला पुढे जाताच येत नाही. अर्थात या शब्दाबरोबर कचराही टोपलीभर येतो, तो निवडत बसावं लागतं. मध्येच ‘ड्रग थेरपी’ हे ग्रंथालयाच्या विषयकोशातलं उपशीर्षक आहे, चाचणीशी थेट संबंध नसलेलं. ते कोणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. चाचण्यांच्या आणि इतर लेखांच्या नोंदी शेजारी ठेवून, कुठे कोणते शब्द जास्त येतात हे मोजून ही निवड झाली आहे.

हे सगळे आठ घटक ‘ऑर’ने जोडले आहेत. म्हणजे एक साक्षीदार गप्प राहिला तर दुसरा बोलेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा लेख घ्या: प्राझोसिन हे औषध एकटं द्यावं की जोडीला प्रतिविषही, ही ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आलेली चाचणी. नियतकालिक ब्रिटिश, म्हणून शीर्षकातलं ‘रँडमाइझ्ड’ ‘झेड’ऐवजी ‘एस’ने लिहिलेलं. त्या एका अक्षरापायी एक ओळ चुकली, तरी त्याच शीर्षकातला ‘ट्रायल’ पुढच्या ओळीत सापडतोच.

खरी करामत शेवटी आहे. उंदीर-सशांवरचे प्रयोग वगळायचे आहेत. सरळ ‘नॉट ॲनिमल्स’ का नाही लिहायचं? कारण ग्रंथालयाच्या विषयकोशात, ‘मेश’मध्ये, माणूस प्राण्यांच्याच झाडावर बसलेला आहे, सस्तन, मग प्रायमेट, मग खाली माणूस. पबमेडला ‘प्राणी’ म्हटलं की तो खालच्या सगळ्या फांद्या धरतो. प्राणी नकोत म्हणताच माणसांवरचे लेखही जातील, बावस्करांचे रुग्णही त्यात. बरं, मग ‘फक्त माणसं’ असं म्हणावं? तर टॅग न लागलेले लेख गळतील. म्हणून मजकूर म्हणतो: ज्यांवर प्राण्यांचा शिक्का आहे पण माणसाचा नाही, तेवढेच काढा. एका ‘नॉट’च्या कंसात दुसरा ‘नॉट’. विंचू आणि माणूस दोन्ही शिक्के असलेला लेख राहतो. कुठलाच शिक्का नसलेलाही राहतो. ज्याच्याबद्दल माहिती नाही त्याला बाहेर काढायचं नाही, हा न्याय दोन नकारांत बसवला आहे.

दोष आहेत. व्यापक विषयाला ही गाळणी हजारो नोंदी पुढ्यात टाकते. त्यासाठी हँडबुकातच दुसरी, आवळलेली आवृत्ती आहे: ‘ग्रुप्स’ आणि ‘ड्रग थेरपी’ गेले, ‘ट्रायल’ फक्त शीर्षकात. घाईच्या दिवशी ती वापरायला हरकत नाही, पण आढावा लिहायचा असेल तर मी मोठीच घेईन.

एम.डी.च्या प्रबंधासाठी संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाजूच्या पट्टीतलं ‘ह्यूमन्स’चं बटण दाबण्याआधी थांबावं; ते बटण टॅग न लागलेल्या नोंदी गुपचूप वगळतं. त्याऐवजी हा मजकूर चिकटवा आणि शोध झाल्यावर ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जाऊन पबमेडने तुमच्या शब्दांचं प्रत्यक्षात काय केलं, तो तपशील उघडून वाचा.