संमतीचं बटण आणि ह्यूमचं जहाज



जानेवारी 2021 मध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एक सूचना आली होती, आठवत असेल. व्हॉट्सॲपने अटी बदलल्या होत्या. 8 फेब्रुवारीपर्यंत त्या मान्य करा, नाहीतर पुढे वापरता येणार नाही, असा तिचा आशय होता. गदारोळ झाला, मुदत 15 मेपर्यंत वाढली, आणि ज्यांनी मान्यता दिली नाही त्यांची खाती पुढे बंदही झाली नाहीत. पण तोवर असंख्य लोकांनी बटण दाबलं होतं. आपणही दाबलं. किती जणांनी अटी वाचून दाबलं, हे आज विचारायचं नाही. तो प्रश्न माणसाला उगाच खजील करतो. आजचा प्रश्न एवढाच, की त्या दाबण्याला 'संमती' म्हणायचं का?

आधी एक गैरसमज दूर करू. त्या अटींमुळे कंपनी आपले निरोप वाचू लागली, असं नाही. निरोप 2016 पासून कुलूपबंद जातात. पण कुलूप असतं पत्राला, पाकिटाला नाही. आपण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो, फोन कोणता, साधारण कुठून, ही माहिती पाकिटावरची. 2014 मध्ये फेसबुकने सुमारे 19 अब्ज डॉलर मोजायचं ठरवून हे ॲप घेतलं, ते काही परोपकार म्हणून नाही. 2016 च्या अटींत जुन्या वापरकर्त्यांना निदान 30 दिवसांत 'माझी माहिती जाहिरातींसाठी तिकडे देऊ नका' असं सांगायची सोय होती. 2021 मध्ये तीही उरली नाही. गंमत म्हणजे युरोपातल्या लोकांसाठी अटी वेगळ्या होत्या. तेच ॲप, तेच हिरवं चिन्ह. कायदा निराळा म्हणून वागणूक निराळी.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. जॉन लॉक म्हणत असे की राज्याला आपण तोंडाने होकार दिला नसला, तरी त्या राज्यात राहतो, त्याच्या रस्त्यावरून चालतो, म्हणजे मूक संमती दिलीच. डेव्हिड ह्यूमने 1748 च्या मूळ करारावरील निबंधात याला जे उत्तर दिलं ते आजही चपखल बसतं. समजा, एखाद्याला झोपेत उचलून जहाजावर नेलं. डोळे उघडतो तर चहूकडे समुद्र. तो जहाजावर राहतो आहे, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली, असं म्हणायचं का? उतरायचं तर बुडायचंच आहे. थोडक्यात, जिथे 'नाही' म्हणायची किंमत परवडण्यासारखी नसते, तिथल्या 'हो'ला अर्थ नसतो.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद आपल्याला पाठ आहे: जबरदस्ती कोणी केली? नको तर काढून टाका. बरं, काढून टाकू. मग सोसायटीचं पाणी उद्या येणार नाही हे कळणार कुठे? मुलांच्या शाळेची सुट्टी? कोणी वारलं तर अंत्ययात्रा किती वाजता निघणार? जानेवारी 2021 मध्येच पुष्कळ लोकांनी सिग्नल उतरवून घेतलं होतं. चांगलं ॲप आहे. पण तिथे जाऊन पाहावं तर मावशी नाही, दूधवाला नाही, क्लासचे सर नाहीत. आठवड्याभरात पावलं परत वळली.

इथे ह्यूमच्या दाखल्यात एक दुरुस्ती करावी लागते, आणि आपल्या मते खरी मेख तिथेच आहे. ह्यूमचा समुद्र निसर्गाने केलेला होता. आपला समुद्र आपल्याच माणसांचा आहे. कंपनीला धमकी द्यावी लागत नाही. तिच्या वतीने आपलं नातं आपल्याला बांधून ठेवतं. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला, आणि दुसरा त्याच्यासाठी. ही सत्ता पहाऱ्याची कमी आणि अडकवण्याची जास्त आहे. कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात यावर लेख-भाषणं भरपूर होतात. आपल्याला जागचं हलता येत नाही यावर त्या मानाने फारच कमी.

भारतीय स्पर्धा आयोगाच्या हे ध्यानात आलं होतं. 18 नोव्हेंबर 2024 च्या आदेशात आयोगाने 'घ्या नाहीतर सोडा' पद्धतीच्या या अटींना वर्चस्वाचा गैरवापर ठरवलं, मेटाला 213.14 कोटींचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती इतर मेटा कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. नोव्हेंबर 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, ती पाच वर्षांची बंदी मात्र काढली. दंडाच्या आकड्याने दिपून जायचं कारण नाही, मेटासाठी ती किरकोळ रक्कम आहे. महत्त्वाचं हे, की मक्तेदारीसमोरचा होकार हा मोकळा होकार नव्हे, असं एका सरकारी यंत्रणेने लिहून ठेवलं.

तसं आपल्या कायद्याला हे नवं नाही. 1872 चा करार कायदाच 'मुक्त संमती' मागतो. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजो नाथ गांगुली प्रकरणात म्हटलं की ताकदीत फार तफावत असेल, तर दुबळ्याने ठिपक्यांच्या रेषेवर केलेल्या सहीने अन्याय्य अट न्याय्य होत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त असावी असं सांगतो. शब्द सुरेख आहेत. पण त्यांची अंमलबजावणी कशी होणार? आणखी एक सूचना, आणखी एक चौकोन, आणखी एक बटण. बावीस भाषांत सूचना दिली तरी जहाज किनाऱ्याला लागत नाही. मराठीत वाचून हतबल होणं आणि इंग्रजीत न वाचता हतबल होणं, यात फरक तो कितीसा?

किनारा जवळ आणता येतो, हे मात्र आपण अनुभवलेलं आहे. पुण्याहून नागपूरच्या भावाला फोन लावताना त्याचं कार्ड कोणत्या कंपनीचं, हे आपण विचारत नाही. 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. हे काही कंपन्यांच्या चांगुलपणातून झालेलं नाही, नियमाने करायला लावलं म्हणून झालं. निरोपांच्या बाबतीत युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली तोच रस्ता धरला आहे: दुसऱ्या सेवेने मागणी केली तर व्हॉट्सॲपने तिला जोडून घ्यायचं. अडचणी आहेत, कुलूप दोन्हीकडे तितकंच पक्कं राहिलं पाहिजे, ही त्यातली मोठी. तरी प्रश्न योग्य जागी विचारला गेला आहे. मावशीला न सोडता जहाज सोडता येतं का, हा तो प्रश्न.

आणि तोवर? समुद्रात थोडं पाणी आपणही ओततो. शाळा, सोसायट्या, सरकारी कचेऱ्यासुद्धा 'ग्रुपवर टाकलंय' म्हणून मोकळ्या होतात. जिन्याखालचा तो जुना फळा अजून भिंतीवर असेल, तर पाण्याची वेळ त्यावरही खडूने लिहायला काय हरकत आहे?

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.