अंगठ्याचं भाषांतर

मारिओला पळता पळता लांब उडी मारायला लावायची तर तीन बटणं एकाच वेळी दाबलेली असावी लागतात. डाव्या अंगठ्याखाली उजवी दिशा, उजव्या अंगठ्याखाली पळण्याचं ‘बी’ आणि उडीचं ‘ए’. म्हणजे उजव्या अंगठ्याचं टोक बीवर दाबून धरायचं आणि तोच अंगठा किंचित कलवून पेराने ए दाबायचं. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. टीव्हीला जोडायच्या त्या ‘व्हिडिओ गेम’समोर, पिवळी कॅसेट फुंकर मारून बसवताना, कुठल्या तरी मे महिन्याच्या सुट्टीत ते हातात बसून गेलं.

एम्युलेटर हा एक बहुरूपी. पोलिसाचा वेश करून दारात आलेला बहुरूपी जसा क्षणभर खरोखर दमात घेतो, तसा हा प्रोग्रॅम एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचं सोंग घेतो आणि जुन्या गेमला पत्ता लागू देत नाही. त्याचं परीक्षण करताना लोक वेग बघतात, रंग बघतात, आवाज किती जुळला ते बघतात. माझी तक्रार अशी की हात कुणी बघत नाही. गेम अर्धी पडद्यावर असते आणि अर्धी अंगठ्यात. या दुसऱ्या अर्ध्याचं भाषांतर बहुतेक वेळा राहूनच जातं.

हे मला उमजलं ते मामाच्या पाम एम१०५ मुळे. २००१ सालचं मॉडेल. मामा ऑनसाइटहून येताना घेऊन आला होता. स्मार्टफोनच्या आधी अपॉइंटमेंट, पत्ते, कामांची यादी आणि टिपणं शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचं तर हे. ८ एमबी मेमरी, १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दोन ट्रिपल-ए सेल, आणि लिहायला स्टायलस. सेल संपले की आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे मामाचे पत्ते कधीच गेलेले. माळ्यावरून काढून सेल घातले तर पडद्यावर एक खूण आली आणि तिच्यावर स्टायलस टेकवा म्हणून सूचना. जणू आजच विकत घेतलंय.

त्यात फिनिक्स नावाचा खुल्या सोर्सचा गेम बॉय एम्युलेटर चढवला आणि ‘सुपर मारिओ लँड’ लावली. पडद्यापुरतं बोलायचं तर ही जोडी पत्रिका जुळवून केल्यासारखी आहे. गेम बॉय १९८९ चा, पहिला पाम १९९६ चा. एकाचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १६० बाय १६०. खाली फक्त १६ ओळी उरतात. चार करड्या छटा दोघांकडेही. वेग पुरत नाही म्हणून मधली मधली फ्रेम गाळली जाते, आणि या पामचा स्पीकर एका वेळी एकच सूर काढतो, तर गेम बॉयला चार चॅनल. हे सगळं मी पाचेक मिनिटांत माफ केलं.

बटणांना मात्र माफी देता येईना. गेम बॉयला आठ बटणं. पामला सहा: चार गोल आणि मध्ये वर-खाली सरकवायची दोन. मी डावीकडची दोन डाव्या-उजव्या दिशेला दिली, उजवीकडची दोन ए-बीला, आणि स्टार्ट-सिलेक्टसाठी पडद्यावर टिचकी. टेट्रिस अशा वाटणीवर जवळपास निभावतो, कारण त्यात बहुतेक वेळा एका दाबाला एक कृती असते. मारिओ खड्ड्यात पडतो. पुन्हा पडतो. ती गोल बटणं जरा आत बसवलेली आहेत, चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून. त्यांच्यावर अंगठा कलवताच येत नाही.

इथे थोडं माझ्या धंद्याचं बोलतो. ऑर्गनायझर विचारतो, ‘कुठलं बटण दाबलं?’ कन्सोल विचारतो, ‘या क्षणी कुठकुठली बटणं दाबलेली आहेत?’ पहिला प्रश्न दारावरच्या बेलचा आहे, दुसरा हार्मोनियमचा. पाम बंद असतानाही डायरीचं बटण दाबलं तर तो जागा होऊन डायरी उघडतो. यंत्राचा स्वभावच तो, हाक आली की धावायचं. तरी पामच्या सिस्टिममध्ये ‘की-करंट-स्टेट’ नावाचं एक फंक्शन आहे, जे आत्ता दाबून धरलेल्या सगळ्या बटणांची स्थिती एकदम सांगतं. बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी हार्मोनियमची कल्पना होती म्हणायची. त्याच काळातला कॉम्पॅकचा आयपॅक ३६०० पामपेक्षा कितीतरी ताकदवान, पडदा रंगीत, पण त्याला एका वेळी एकच बटण कळायचं. तिथे मारिओ पळू शकतो किंवा उडू शकतो. ताकद असून उपयोग काय?

मग मी कंट्रोलर जोडायचं ठरवलं. लहानपणीच्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घरात होताच. त्याचा प्लग नऊ पिनांचा. पामच्या सिरियल केबलचं टोकही नऊ पिनांचं. दिसायला मावसभाऊ, आणि भाषा एकमेकांना अजिबात न कळणारी. सिरियल पोर्ट एकेक बाइट पाठवतो, पत्र टाकल्यासारखा. कंट्रोलरला मात्र दरवेळी विचारावं लागतं, मग तो ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी या ठरलेल्या क्रमाने आठ बिटं ओळीने देतो. मध्ये दुभाषा म्हणून आर्डुइनो बसवला. तो कंट्रोलरला सतत विचारतो आणि उत्तर एका बाइटमध्ये घालून पुढे ढकलतो. ९६०० च्या वेगाने एका बाइटला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. आठ बटणं, आठ बिटं, एक बाइट. फिनिक्सच्या कोडमध्ये बटणं वाचली जातात तिथे हा बाइट घुसवायला दोन शनिवार गेले. (गेम बॉयमध्ये दाबलेलं बटण म्हणजे शून्य आणि न दाबलेलं म्हणजे एक. पहिला शनिवार त्यातच गेला.)

चाललं. पहिल्याच प्रयत्नात अंगठा आपणहून कलला आणि मारिओ खड्ड्यापलीकडे गेला. वेग तोच रखडत, आवाज तसाच केविलवाणा, पण गेम पहिल्यांदा मारिओसारखी वाटली. एम्युलेटरचं पारडं पिक्सेलपेक्षा अंगठ्याकडे जास्त झुकतं हे माझं मत तेव्हापासूनचं.

पण किंमत मोजावी लागली. दोन्ही हात कंट्रोलरवर, मग पाम कुठे? टेबलावर, पुस्तकाला टेकवून. एवढुशा पडद्याकडे मी वाकून बघत होतो. खिशात मावणारं यंत्र खिशातून उतरून टीव्ही झालं होतं, तेही वायरने बांधलेलं. शिवाय सिरियल पोर्ट उघडा राहिला की सेल भराभर उतरतात.

या पेचाचं प्रामाणिक उत्तर एकाने देऊन बघितलं. टॅपवेव्ह झोडियाक, २००३. आत पामचीच सिस्टिम, पण डावीकडे अ‍ॅनालॉग स्टिक आणि वर बोटांसाठी बटणं. यंत्र घडवतानाच हाताचा विचार केलेला. २००५ मध्ये ते बंद पडलं.

एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅपलने जुन्या कन्सोलच्या एम्युलेटरना अ‍ॅप स्टोअर खुलं केलं. आता तुमच्या फोनवर वेग, रंग, आवाज सगळं चोख मिळतं. आणि बटणं? काचेवर काढलेली चित्रं. काचेला कड नसते, त्यामुळे अंगठा कधी घसरला ते मारिओ मेल्यावर कळतं. दोन्ही बाजूंनी फोनला पकडणारे कंट्रोलर मिळतात, आणि ते खरंच चांगले आहेत. पण ते बॅगेत राहतात, आणि गेमची आठवण येते बसच्या रांगेत.

गेल्या दिवाळीत मामाला हे सगळं दाखवलं. कंट्रोलर हातात घेऊन त्याने पहिल्याच खड्ड्यात उडी टाकली आणि कंट्रोलर मला परत दिला. मग वायर काढली, पाम तळहातावर घेतला, स्टायलस ओढला आणि टिपणाचं पान उघडलं. ग्राफिटी म्हणजे पामची लिहायची पद्धत. तिच्यात प्रत्येक अक्षराचा ठरलेला फटकारा असतो. इंग्रजी ए म्हणजे मधली दांडी नसलेला, उलटा व्ही. मामाने लिहिलं, ‘कॉल होम’. इंग्रजीत, हाताकडे न बघता, एकही अक्षर न चुकता. मी माझं नाव लिहायला घेतलं तर दर दुसऱ्या अक्षराला भलतंच काही उमटत होतं.

“अरे, उचलू नकोस इतक्यांदा. एका दमात,” मामा म्हणाला. तेवढ्यात सेल उतरल्याची सूचना आली. त्याने आत वळून विचारलं, “घरात ट्रिपल-ए आहेत का गं?”