बारा खुर्च्या आणि दाराबाहेरचा माणूस

रेजिनाल्ड रोझ यांची ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ ही संहिता मुळात दूरचित्रवाणीचीच, १९५४ ची. सिडनी ल्युमेटच्या १९५७ च्या चित्रपटात बाराही ज्यूरर गोरे पुरुष होते. १९९७ साली विल्यम फ्रीडकिनने ती पुन्हा दूरचित्रवाणीसाठी केली, तेव्हा चार खुर्च्यांवर कृष्णवर्णीय बसले. परंतु वस्तीतल्या आरोपी पोराच्या जमातीविरुद्ध सर्वांत विषारी भाषण याच चौघांपैकी एकाच्या तोंडी आहे. खुर्ची मिळाली म्हणून जाणीव बदलतेच असे नाही. राखीव जागेवर निवडून येऊन धन्याचीच भाषा बोलणारे आपल्यालाही नवे नाहीत.

बासू चटर्जींनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ काढला, तोवर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने या देशातली ज्यूरी मोडीत काढली होती. तिथेही आरोपी झोपडपट्टीतला. पण जात हा प्रश्न म्हणून टेबलावर येत नाही. सारा विश्वास एका सज्जनाच्या शंकेवर.

ही शंका कोणाच्या वाट्याला येते? बीड जिल्ह्यात ज्यूरी नाही, पण पार आहे. चोरी झाली की पारध्याच्या पालाकडे बोट जाते. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली कागदावर मुक्त झाल्या. पारावरचा निकाल मात्र कायम आहे. त्या पोरासाठी शंका घेणारा आठवा माणूस कुठे आहे?

उलट बाजूही पाहा. बीडच्या शिवेलगत, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ साली एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. इथे शंका युक्तिवादातून जन्मली नाही, साक्षीदारांच्या तोंडांतून शब्दच गेले. ज्याची उचल, मजुरी आणि पाणवठ्याची वाट गावाच्या हाती आहे, त्याने खरे बोलावे कशाच्या बळावर?

म्हणून शंकेचे तत्त्व फेकून द्यायचे नाही. पारध्याच्या पोराला तेच वाचवील. पण अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले साक्षीदारांचे हक्क तालुक्याच्या कोर्टापर्यंत पोचवणे, तारखेला साक्षीदारासोबत उभे राहणे, हे चळवळीचे काम आहे. ते पडद्यावरचा सज्जन करणार नाही.