समूहातून सुटलेला आवाज

एखादा गायक आपला वाद्यवृंद सोडून एकट्याने गाऊ लागला, की रसिकांच्या मनात दोन परस्परविरोधी तर्क उभे राहतात. तो आता परिपक्व झाला, असे कोणी कौतुकाने म्हणतो; तो जुन्या सोबत्यांना विसरला, असा ठपका दुसरा कोणी ठेवतो. गायक पंक पंथातला असेल आणि पुढे त्याने लोकगीताची वाट धरली असेल, तर हे दोन्ही तर्क अधिकच जोर धरतात. आरडाओरडा करणारा तरुण अखेर निवळला आणि गिटार घेऊन शांतपणे गाऊ लागला, अशी ती सोयीस्कर कथा असते. इंग्लिश गायक बिली ब्रॅग याच्या वाटचालीचा विचार करताना ही कथा आम्हांला अपुरी वाटते. ज्या घरांतून आळीपाळीने कोणी ना कोणी चर्चच्या गायकवृंदात उभे राहत आले आहे, त्या घरांना एकट्याचा आवाज आणि समूहाचा आवाज यांच्या नात्याचा प्रश्न परका नाही. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पंकविषयी थोडेसे. हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे रंगवलेले केस, फाटके कपडे आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. पण ते केवळ बाहेरचे आहे. १९७६-७७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बेकारी वाढत होती आणि शाळेबाहेर पडणाऱ्या कामगारवस्तीतील मुलांपुढचे भविष्य अंधूक होते. त्या काळचे प्रतिष्ठित रॉक संगीत मात्र लांबलचक वादनात आणि महागड्या यंत्रसामग्रीत रमले होते. गिटारवर तीन कॉर्ड वाजवता आल्या आणि सांगण्यासारखे काही असले, की रंगमंचावर उभे राहण्याचा अधिकार प्राप्त होतो, असे पंकने बजावले. ही घोषणा उद्धट होती, पण तिच्या मुळाशी लोकसंगीताचेच तत्त्व होते, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. जात्यावर ओवी गाणाऱ्या स्त्रीलाही कोणी परवाना विचारलेला नव्हता.

बिली ब्रॅगचा जन्म २० डिसेंबर १९५७ रोजी लंडनच्या पूर्वेकडील बार्किंग येथे झाला. १९७७ मध्ये ‘द क्लॅश’ या पंक वाद्यवृंदाचे गाणे त्याने प्रत्यक्ष ऐकले आणि त्याच वर्षी मित्रांसह ‘रिफ रॅफ’ नावाचा वाद्यवृंद उभा केला. त्यात तो गाई आणि गिटार वाजवी. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध प्रचंड संगीतमेळावा भरला. तेथे जमलेल्या जनसमुदायात ब्रॅगही होता आणि त्या दिवसाचा ठसा आपल्या विचारांवर कायम उमटला, असे तो सांगत आला आहे. ‘रिफ रॅफ’ला मात्र यश लाभले नाही. वाद्यवृंद मोडला आणि १९८१ मध्ये हा तरुण चक्क ब्रिटिश सैन्यात भरती झाला. अवघ्या तीन महिन्यांत १७५ पौंड भरून त्याने तेथून आपली सुटका करून घेतली.

त्यानंतरचा ब्रॅग एकटा आहे. आमच्या मते त्याच्या कलेची खरी सुरुवात येथे होते. लोकगायक म्हटला की साधी लाकडी गिटार, हा त्या काळचा संकेत होता. याने मात्र विजेची गिटार सोडली नाही. ढोल नाही, बास गिटार नाही, साथीला दुसरा आवाज नाही. तारांवर आघात करणारा त्याचा उजवा हातच ताल सांभाळतो आणि दोन आघातांमधल्या मोकळ्या जागेत शब्द येऊन उभा राहतो. वाद्यवृंदाच्या कल्लोळात पंक गायकाचे शब्द बहुधा बुडून जात. श्रोत्यापर्यंत पोहोचे तो केवळ संताप. एकट्याने गाताना ही आडोशाची भिंत नाहीशी झाली. आता प्रत्येक शब्द ऐकू येणार होता, आणि म्हणून प्रत्येक शब्दाची जबाबदारी गायकाला घ्यावी लागणार होती. ब्रॅगचा आवाज रूढ अर्थाने गोड नाही. तो खरखरीत आहे, उच्चारांवर एसेक्सच्या कामगारवस्तीची पक्की छाप आहे आणि वरच्या स्वरांत तो ताणला जातो. पण हा माणूस आपल्याशी बोलतो आहे, आपल्याला फसवीत नाही, असा विश्वास त्या आवाजातून उत्पन्न होतो.

१९८३ मधील त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सात गाणी होती आणि तिची एकूण लांबी सुमारे सोळा मिनिटे होती. २.९९ पौंडांपेक्षा अधिक किंमत देऊ नये, असे तिच्या वेष्टनावरच छापलेले होते. कलेच्या व्यवहारात अशी नैतिक तळटीप क्वचितच आढळते. तिच्या प्रसाराची एक गमतीदार हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्याला मशरूम बिर्याणी खावीशी वाटते, असे बीबीसीचे निवेदक जॉन पील कार्यक्रमात सहज बोलून गेले. ते ऐकताच ब्रॅग बिर्याणी आणि आपली तबकडी घेऊन आकाशवाणी केंद्रावर दाखल झाला. पील यांनी ती तबकडी वाजवली, पण चुकीच्या गतीने! बिर्याणी नसती तरी हे गाणे आपण लावलेच असते, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. हसण्याजोग्या या प्रसंगातही पंकची वृत्ती दिसते: मध्यस्थाची वाट न पाहता स्वतः दार ठोठवायचे.

येथपर्यंत ब्रॅगला लोकगायक म्हणता येईल का? आमच्या मते नाही. तो एकट्याने गाणारा पंक होता. त्याला लोकगीताकडे नेले ते खाणकामगारांच्या संपाने. मार्च १९८४ मध्ये सुरू झालेला हा संप वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये कामगारांना पराभूत होऊन कामावर परतावे लागले. संपकऱ्यांच्या मदतीसाठी ब्रॅग खाणींच्या गावांत जाऊन गाऊ लागला. तेथे त्याच्या आधीपासून गाणारे लोकगायक होते. त्यांची जुनी गाणी आपल्या गाण्यांहून अधिक जहाल आहेत, हे पाहून हा तरुण चकित झाला. क्रांतीची भाषा आपल्याच पिढीने शोधून काढली, हा पंकचा भ्रम तेथे गळून पडला. ज्याला आजवर तो आरंभ समजत होता, तो एका दीर्घ परंपरेतील दुवा ठरला.

१९८५ मधील त्याच्या चार गाण्यांच्या तबकडीत या जाणिवेचे फळ दिसते. तिचे उत्पन्न संपकऱ्यांच्या निधीसाठी होते. ‘बिट्वीन द वॉर्स’ या शीर्षकगीतात दोन महायुद्धांमधल्या काळातला एक कष्टकरी बोलतो. संथ, जवळजवळ स्तोत्रासारख्या चालीत तो शासनाकडून शस्त्रांऐवजी माणुसकीची अपेक्षा करतो. त्याच तबकडीवर अमेरिकेतील हार्लन येथील खाणकामगारांच्या लढ्यात फ्लॉरेन्स रीस या कामगारपत्नीने १९३१ मध्ये रचलेले गीत नव्या शब्दांत येते. शेजारीच लिऑन रोझेलसन यांचे गीत आहे. १६४९ मध्ये इंग्लंडमधील पडीक जमीन सर्वांची मानून कसू पाहणाऱ्या गरिबांची कथा त्यात आहे. १९८५, १९३१ आणि १६४९ अशी तीन वर्षे एका छोट्या तबकडीवर शेजारी बसली आहेत. एकट्या गायकामागे आता एक अदृश्य गायकवृंद उभा राहिला, असेच आम्ही म्हणू.

लोकगीत म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. लोकगीताला कर्ता नसतो. ते तोंडोतोंडी घडते, झिजते, पुन्हा घडते. मग ज्याच्या गाण्याखाली नाव छापलेले आहे, त्याला लोकगायक का म्हणावे? या आक्षेपाचे उत्तर आम्हांला ‘अ न्यू इंग्लंड’ या गाण्याच्या प्रवासात सापडते. हे गीत ब्रॅगच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेवर आहे. विशीतल्या एका एकाकी तरुणाची ती प्रेमाची विनवणी आहे. १९८५ च्या आरंभी कर्स्टी मॅकॉल या गायिकेने ते गायिले आणि ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत ते सातव्या क्रमांकावर पोहोचले. तिच्यासाठी ब्रॅगने त्यात एक कडवे वाढवून दिले होते. कर्स्टी ही ब्रिटिश लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनातील अग्रणी युअन मॅकॉल यांची कन्या, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. डिसेंबर २००० मध्ये मेक्सिकोच्या समुद्रात भरधाव आलेल्या बोटीपासून आपल्या मुलाला वाचवताना या मातेने प्राण गमावला. तेव्हापासून ब्रॅग तिच्या स्मरणार्थ ते वाढीव कडवे स्वतः गातो. गीत एका कंठातून निघाले, दुसऱ्या कंठात वाढले आणि शोकाचा भार घेऊन मूळ कंठाकडे परतले. छापील नावाने या प्रक्रियेला कोठे अडवले?

या प्रवासाचे शिखर म्हणजे १९९८ मधील ‘मर्मेड ॲव्हेन्यू’. अमेरिकन लोककवी वुडी गथ्री १९६७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे हजाराहून अधिक गीते केवळ कागदावर उरली होती. त्यांच्या चाली गथ्रींबरोबरच गेल्या. त्यांची कन्या नोरा हिने ही गीते ब्रॅगच्या हाती सोपवली. त्याने ‘विल्को’ या अमेरिकन वाद्यवृंदाला सोबत घेऊन त्यांना चाली दिल्या. समूह सोडलेला गायक येथे पुन्हा समूहात आला. त्याचा सर्वांत वडीलधारा सोबती दिवंगत होता, एवढेच. या संग्रहात ख्रिस्तालाच राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे करण्याची कल्पना मांडणारे गथ्रींचे गीतही आहे. विल्कोने ते गायिले आहे. देवळात पैशांचा बाजार मांडणाऱ्यांना हाकलून देणारा सुतारपुत्र गथ्रींना राजकारणात हवा होता. ही कल्पना खट्याळ आहे; परंतु शुभवर्तमान वाचणाऱ्याला ती अंतर्मुख करते.

आता दोषांविषयी. ब्रॅगची काही गाणी गाणी राहत नाहीत, ती पत्रके होतात. १९८५ मध्ये मजूर पक्षाच्या बाजूने तरुणांना वळवण्यासाठी कलावंतांची ‘रेड वेज’ ही चळवळ निघाली, तिच्यात तो आघाडीवर होता. १९८७ च्या निवडणुकीत तो पक्ष हरला, म्हणून आम्ही त्या प्रयत्नाला कमी लेखणार नाही. परंतु जेथे निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि सूर त्याच्या मागून ओढत नेला जातो, तेथे श्रोता नागरिक म्हणून मान डोलावतो. माणूस म्हणून हलत नाही. उपदेशाची अशी घाई धार्मिक गीतांतही आढळते. भक्तीचा विषय आहे, म्हणून गीत चांगले होतेच असे नाही. न्यायाचा विषय आहे, म्हणूनही होत नाही.

याउलट ‘टँक पार्क सॅल्यूट’ हे गीत पाहावे. ब्रॅगचे वडील १९७६ मध्ये कर्करोगाने वारले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या मृत्यूवरचे हे गीत १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेवर आले. पंधरा वर्षांच्या मौनानंतर फुटलेला हा शब्द आहे. त्यात घोषणा नाही, शत्रू नाही. अंधारात वडिलांचा आधार शोधणारे एक मूल आहे. ‘रिफ रॅफ’च्या काळातच ही जखम ताजी होती, पण त्या कल्लोळात ती बोलू शकली नसती. दुःखाला ऐकू येण्यासाठी शांतता लागते, आणि ती शांतता एकट्या गायकाने निर्माण केली. एवढ्या एका गीतासाठीही वाद्यवृंद सोडणे सार्थ ठरले, असे आम्हांला वाटते.

२०१७ मध्ये ब्रॅगने ब्रिटनमधील ‘स्किफल’ या संगीतप्रकारावर ग्रंथ लिहिला. १९५० च्या दशकात धुण्याची फळी आणि चहाच्या खोक्याचे घरगुती वाद्य घेऊन अमेरिकन लोकगीते वाजवणारी ती मुले पंकचीच पूर्वज होती, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे मान्य केले, तर पंककडून लोकगीताकडे जाणे म्हणजे घर सोडणे नव्हे. आजोळी परतणे होय.

आपल्या गायकवृंदांना या विवेचनातून घेण्याजोगे काही आहे, असे आम्ही नम्रपणे सुचवतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत मातृभाषा आली आणि गाणे सर्वांचे झाले. तरीही ध्वनिवर्धकापुढे उभा असलेला एकच आवाज पुष्कळदा इतरांना गप्प करतो. तो आवाज सुरेल असला तरी प्रश्न उरतोच. ब्रॅगचा आवाज सुरेल नाही. पण त्याने गायिलेले गीत दुसऱ्याला उचलावेसे वाटते, त्यात भर घालावीशी वाटते. एकट्याने गावे की समूहाने, हा वाद आम्हांला गौण वाटतो. गाणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी गाण्यात जागा ठेवली आहे की नाही, यावरूनच त्याची परीक्षा व्हावी. काही अपयशी पत्रके वजा केल्यावरही बिली ब्रॅग या परीक्षेत उत्तीर्ण होतो.