‘गंमत केली’ या वाक्याविषयी

वसतिगृहातल्या भाषेचा विषय निघाला की आम्ही आधी साताऱ्याकडे बघतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली. मुलांच्या दाण्यापाण्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. पण पंगत एक झाली म्हणून बोलणं एक होतं का?

आजचं सातारा-सांगलीचं होस्टेल घ्या. जतचा किंवा माणचा मुलगा तोंड उघडतो आणि त्याच्या हेलाची नक्कल सुरू होते. मग आडनाव विचारायचं, मग प्रवेशयादीतला कॅटेगरीचा रकाना, त्यावर विनोद. तो गप्प झाला की ठरलेलं वाक्य येतं: ‘मनावर घेऊ नको, गंमत केली.’

हे वाक्य मोठं लबाड आहे बघा. बोलणारा त्यातून सुटतो आणि दोष ऐकणाऱ्यावर जातो, याला विनोद कळत नाही म्हणून! आमची कसोटी साधी आहे. त्याच मुलानं तोच विनोद उलटवला तर खोली हसेल का? हसली तर ती मैत्री. नाही तर गंमत एकट्याचीच होती. मुलींवरच्या विनोदांना मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण उलटवायला तिथं कुणी हजरच नसतं.

आदर म्हणजे अहो-जाहो, असंही आम्हाला वाटत नाही. आपल्याकडं ‘काय रं लेका’ म्हणण्यात केवढी माया असते! उलट दोन वर्षांनी मोठ्या पोराला ‘सर’ म्हणायचं, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची. व्याकरण अगदी आदराचं, आणि अपमान नेमका त्यातच.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. चिडवणं, शिवीगाळ, लाज आणणारी चेष्टा त्याच्या व्याख्येत आहे. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं जात, भाषा, प्रदेश, आर्थिक स्थिती यांवरून होणारा छळही आपल्या नियमांतल्या रॅगिंगच्या व्याख्येत घातला. चांगलं केलं. पण तक्रार केलेल्या रात्री त्या मुलाला झोपायचं असतं त्याच खोलीत, त्याच तिघांबरोबर. कायद्याचं काम तक्रारीनंतर सुरू होतं, आणि तक्रारच होत नाही.

मग हसायचंच नाही का, असं कुणी विचारेल. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष सांगली जिल्ह्यातलंच. तमाशातला सोंगाड्या राजाची, पाटलाची फिरकी घेतो, म्हणजे खालचा वरच्याची घेतो. (बाईची थट्टा तिथंही स्वस्त होती, तेही सांगायला हवं.) होस्टेलात मात्र विनोद बहुधा वरून खाली येतो.

जून-जुलैत आलेला तो मुलगा दिवाळीपर्यंत ‘आल्तो’ सोडून ‘आलो होतो’ म्हणायला लागतो. बोलतोही कमी. रेक्टर म्हणतात, पोरगं सुधारलं.